वतन, पगार आणि सही

१९१८ साली मराठी मुलखात दोन गोष्टी घडल्या. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून त्या जागी पगारी तलाठी नेमले. आणि त्याच वर्षी मुंबईत ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. दोन्ही निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एक निर्णय गावच्या दप्तराचा होता, दुसरा गिरण्या आणि कंपन्यांच्या खातेवह्यांचा. पण शंभर वर्षांनी मागे वळून पाहताना ते एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. हिशेब लिहिणे हा जन्माने मिळणारा हक्क असू नये, ते शिकून आणि परीक्षा देऊन करायचे पगारी काम असावे, ही कल्पना दोन्हीकडे एकाच वेळी रुजत होती.

मी स्वतः हिशेबनीस नाही. इंजिनीअरिंग करून गेली सहा वर्षे मी पुण्यात हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे ‘अकाउंट्समध्ये पुढे काही आहे का, पगार किती मिळतो’ हा प्रश्न नात्यातली, ओळखीतली मुले मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर बहुधा पॅकेजच्या आकड्यात दिले जाते आणि ते वर्षभरात शिळे होते. मला त्यामागचा जुना प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हिशेब लिहिणाऱ्याला आजवर पैसे नक्की कशाचे मिळत आले? बेरजेचे, माहितीचे, की आणखी कशाचे?

दप्तर ज्याच्या घरी

आपल्याकडे हिशेबाचे पद फार वर गेलेले आहे. देवगिरीच्या यादवांकडे हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, श्रीकरणाधिप होता. राज्याच्या दप्तराचा प्रमुख. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्यांचे, म्हणजे मुजुमदारांचे काम राज्याच्या जमाखर्चाचे. आणि पेशवाईचा उत्तरार्ध ज्या माणसाभोवती फिरला, त्या नाना फडणविसाचे आडनाव मुळात भानू. ‘फडणीस’ हा त्याचा हुद्दा, हिशेबाच्या फडाचा. इतिहास त्याला हुद्द्यानेच ओळखतो.

गावपातळीवर हे काम कुलकर्ण्याचे. पाटील गावाचा प्रमुख, पण कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी किती, सूट कोणाला मिळाली, हे सगळे कुलकर्ण्याच्या दप्तरात, मोडी लिपीत. या कामाचा मोबदला दरमहा पगाराच्या रूपात नव्हता. इनाम जमीन, रयतेकडून येणारे धान्याचे आणि इतर हक्क, शिवाय मानपान, असे मिळून ते वतन होते. बापाकडून मुलाकडे जाणारे, भावाभावांत वाटले जाणारे. इंग्रजी अमलात त्यात बरेच फेरफार झाले, पण वंशपरंपरा टिकली.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने पाहिले तर या व्यवस्थेत एक मोठी गडबड दिसते. नोंदीची दुसरी प्रत रयतेकडे नसे, आणि असली तरी ती वाचता येत नसे. जो लिहितो तोच वाचतो, तोच साक्षीदार आणि वाद झाला तर पुरावाही त्याच्याच घरी. मराठीत ‘कलमकसाई’ हा शब्द उगाच आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावच्या कुलकर्ण्यावर जो राग काढला, त्याचे मूळ इथे आहे. कुलकर्ण्याची मिळकत त्याच्या बेरजेच्या कौशल्यावर उभी नव्हती. आपल्या नोंदीखेरीज दुसरी नोंद नाही, या मक्तेदारीवर ती उभी होती. प्रामाणिक कुलकर्णीही असणारच. पण कुळाला त्याचा प्रामाणिकपणा तपासण्याचा मार्ग नव्हता.

म्हणून १९१८ चा कोल्हापूरचा निर्णय केवळ महसुली सुधारणा नव्हता. तलाठी कोणत्याही जातीचा असू शकत होता, त्याची बदली होऊ शकत होती, आणि दप्तर त्याचे नव्हते, सरकारचे होते. पगार आला की माणूस बदलता येतो आणि नोंद मागे राहते. मुंबई राज्यात मात्र या वतनांचा शेवट व्हायला १९५० चा परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा यावा लागला.

परीक्षेचा दरवाजा

मुंबईत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या बाजारपेठांत पेढीवर मेहताजी किंवा मुनीम बसे, मराठी दुकानात दिवाणजी. तो शेठच्या विश्वासातला माणूस. त्याला शेठपुरताच हिशेब द्यायचा होता. पण भागभांडवलाची कंपनी आली की मालक शेकडो होतात, आणि ते कारखान्यात पाऊलही टाकत नाहीत. मग ज्याला मालक ओळखत नाहीत अशा व्यवस्थापकाचे हिशेब, ज्याला व्यवस्थापक पगारावर ठेवू शकत नाही अशा तिसऱ्याने तपासावे लागतात. इथे ‘ऑडिटर’ हा वेगळा प्राणी जन्माला येतो.

१९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचे केले. इंग्लंडमधल्या मान्य संस्थांच्या सभासदांना ही वाट आधीच मोकळी होती. इथल्या तरुणाने काय करायचे? योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. आणि १९१८ चा डिप्लोमा हे त्या प्रश्नाचे देशी उत्तर होते. परीक्षा द्या, मान्य अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करा, आणि कुठेही ऑडिट करण्याचे प्रमाणपत्र मिळवा. १९३२ च्या नियमांनी ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ आले. १९३३ मध्ये मद्रासच्या आर. शिवभोगम या पेशातल्या देशातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. कुलकर्ण्याच्या वतनात हे कधीच शक्य नव्हते.

१ जुलै १९४९ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली, राज्यघटना लागू होण्याच्या काही महिने आधी. तेव्हा सभासद होते सुमारे १,७००. आज ते चार लाखांहून जास्त आहेत.

एवढी वाढ कशाने झाली? उद्योग वाढले हे खरे, पण तेवढेच नाही. या पेशाची मागणी बऱ्याच अंशी कायदा निर्माण करतो. १९८४ च्या वित्त कायद्याने ठरावीक उलाढालीच्या वर, तेव्हा व्यापारासाठी ४० लाख रुपये, कर लेखापरीक्षण सक्तीचे केले. ज्या दुकानदाराने सीएचे तोंड पाहिले नव्हते, त्याला दरवर्षी त्याची सही लागू लागली. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च झाले. तोवर दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवून त्यावरच कर भरता येत असे. वहीपूजन लक्ष्मीपूजनालाच राहिले, पण ताळेबंद मार्चअखेरीला गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मार्चअखेर वर्षातून एकदा येण्याऐवजी दर महिन्याला येऊ लागली.

कीर्द, खतावणी आणि यंत्र

या सगळ्या काळात दुसरी एक गोष्ट उलट दिशेने चालली होती. ती समजायला जुन्या जमाखर्चाची रचना पाहावी लागते. व्यवहार जसे घडतील तसे रोजच्या रोज कीर्दीत उतरवायचे. मग कीर्दीतली प्रत्येक नोंद उचलून ज्या-त्या नावाच्या खात्यावर चढवायची, ती खतावणी. मग खात्यांच्या बाक्या काढून तेरीज, आणि शेवटी ताळेबंद.

यातला कीर्दीचा टप्पा निर्णयाचा आहे. हा खर्च घरचा की दुकानचा, ही रक्कम उसनी की विक्रीची, हे तिथे ठरते. ताळेबंदाच्या टोकाला पुन्हा निर्णय आहे. बुडीत येणे किती मानायचे, माल कोणत्या भावाने धरायचा. मधली खतावणी मात्र निव्वळ मेहनत आहे. अक्षर चांगले हवे, लक्ष हवे, पण ठरवायचे काही नाही. नेमक्या याच मधल्या टप्प्यावर कारकुनांची फौज पोसली जात होती, आणि यंत्र आधी तिथेच आले.

२४५ विमा व्यवसाय एकत्र करून १९५६ मध्ये बनलेल्या आयुर्विमा महामंडळाने साठच्या दशकात संगणक आणायला घेतला, तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी इलाको हाउसभोवती पहारे देऊन तो आत येऊ दिला नाही. स्वयंचलनाचा विचार करायला केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. बँकांत १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिन’ येऊ लागले. या यंत्राचे मराठी नाव कोणी ठेवले नाही, पण ते सरळ आहे: खतावणी यंत्र.

१९७९ मध्ये अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क आले. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी बंगळुरात जी कंपनी सुरू केली, तिचे टॅली पुढे इतके पसरले की गावोगावच्या क्लासच्या पाटीवर ‘टॅली’ हा शब्द हिशेबनिसाच्या नोकरीचाच पर्याय झाला. टॅलीत व्हाउचर भरले की खतावणी आपोआप होते. जे काम शिकायला दिवाणजीची उमेदीची वर्षे जात, ते आता एंटर दाबले की संपते.

तरीही हिशेबनीस संपले नाहीत. त्यांचे दोन थर झाले. ज्याच्या सहीला कायद्याची मान्यता आहे तो वरचा. जो व्हाउचर भरतो तो खालचा. मधला थर, म्हणजे हिशेब पूर्ण जाणणारा पण सहीचा अधिकार नसलेला आणि तरी बऱ्या पगाराचा जुना दिवाणजी, विरळ होत गेला.

सहीबाहेरची माहिती

माझी एक मामेबहीण इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्याकडे अकाउंट्स पाहते. बी.कॉम. आहे, पगार महिना १७ हजार. गेल्या दिवाळीत तिने मला विचारले, “दादा, तू जे बनवतोस ते आमच्या शेठनी घेतलं, तर मला काढतील का रे?” मी लगेच उत्तर दिले नाही. ती काय काम करते ते आधी विचारून घेतले.

दर महिन्याला ती खरेदीची बिले जीएसटीच्या पोर्टलवरच्या २बी विवरणाशी जुळवते. जुळवण्याचे काम माझे सॉफ्टवेअर काही सेकंदांत करते. पण जी बिले जुळत नाहीत, त्यांचे काय करायचे हे ती जाणते. कोणता पुरवठादार तीन महिन्यांनी विवरण भरतो, कोण बिल नंबरात तिरकी रेघ घालतो, कोणाला फोन केला की काम होते आणि कोणाचे पुढचे पेमेंट थांबवावे लागते. ही माहिती कुठल्याच वहीत नाही. शेठचा कराचा परतावा तिच्यावर अवलंबून आहे, पण वर्षाअखेरीस सही होते सीएची. पैसे सहीला मिळतात, या माहितीला नाही.

२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबोर्न यांनी अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांपैकी कोणते यंत्राकडे जातील याचा अंदाज मांडला होता. अकाउंटंट आणि ऑडिटर यांची शक्यता ९४ टक्के, सॉफ्टवेअर डेव्हलपरची जेमतेम ४ टक्के. आज माझ्याच कामातला मोठा भाग यंत्र लिहू लागले आहे, आणि सीएची सही मात्र जागेवर आहे. अंदाज कौशल्याकडे पाहून केला होता. या पेशाचा आधार कौशल्याइतकाच जबाबदारीत आहे. चुकले तर कोणाला धरायचे, हे कायद्याला माणसाच्या नावाने हवे असते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी लिहिलेला एक भाग मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. जुन्या बांधीव वहीत पान फाडता येत नसे, आणि चूक झाली तर जुना आकडा वाचता येईल अशीच रेघ मारायची असे. संगणकाने ती शिस्त मोडली होती, कायद्याने ती परत आणायला लावली. आता कोणी कधी काय बदलले हे दिसते, आणि त्यात माझ्या बहिणीसारख्यांचे नावही राहते. पण दोष शोधताना नाव दिसते म्हणून पगार ठरवतानाही ते दिसेल, असे नाही.

तिला मी शेवटी सांगितले ते असे. नुसते व्हाउचर भरण्याचे काम जाईल, आणि ते लवकर जाईल. जुळत नाही ते जुळवण्याचे काम राहील, पण त्याचा पगार आपोआप वाढणार नाही. सहीपर्यंत जायचे असेल तर ५५ टक्के मिळवलेल्या वाणिज्य पदवीधराला सीएच्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश आहे, आणि २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे.

तिचे गुण पुरेसे आहेत. अडचण दुसरीच आहे. आर्टिकलशिपचा स्टायपेंड तिच्या आजच्या पगारापेक्षा बराच कमी असेल, आणि त्या १७ हजारांवर घराचे भाडे आणि मामांची औषधे चालतात. १९१८ ने या पेशातली जन्माची अट काढून टाकली, ही छोटी गोष्ट नव्हे. पण उमेदवारीची वर्षे कमी पैशांत काढण्याची ताकद ज्या घरात असते, तिथलीच मुले अजूनही सहीपर्यंत सहज पोहोचतात. या पेशात पुढे काही आहे का, असे कोणी विचारले की मी आता आधी एवढेच विचारतो, दोन वर्षे घर कोण चालवेल? बहिणीने शेठकडे अर्धवेळ काम मागितले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.