कायद्यातलं वाक्य, यंत्रातली ओळ: विमानाच्या दाबचाचणीची गोष्ट

विमान हँगरमध्ये उभं आहे, इंजिनं बंद आहेत, आणि कॉकपिटमधला अल्टिमीटर 30,000 फूट उंची दाखवतोय. बिघाड नाही, चाचणी चालू आहे. आज आपण या चाचणीचा इतिहास पाहू.

मूळ कल्पना जुनी. 1732 मध्ये आंरी पितो या फ्रेंच अभियंत्यानं वाकवलेली नळी सीन नदीत धरली आणि तीत चढलेल्या पाण्यावरून प्रवाहाचा वेग काढला. विमानाची पिटो ट्यूब तेच काम हवेत करते. विमानाच्या अंगावर स्टॅटिक पोर्ट नावाची बारीक भोकं असतात, ती बाहेरच्या हवेचा दाब घेतात. त्या दाबावरून उंची कळते, आणि पिटो व स्टॅटिक यांच्यातल्या फरकावरून वेग. म्हणजे जमिनीवरच पंपानं हे दोन दाब बदलले, की उपकरणांच्या लेखी विमान उडू लागतं.

पूर्वी हे हातानं चालायचं. एक हात झडपेवर, नजर काट्यावर. स्टॅटिक बाजूची हवा घाईनं ओढली आणि पिटो बाजू मागे राहिली, तर फरक एकदम वाढतो, वेगाचा काटा टोकाला जाऊन आदळतो आणि महागडं उपकरण कामातून जातं.

आता अमेरिकेचे नियम बघा. ढगांतून, केवळ उपकरणांवर उडायचं असेल तर ही तपासणी मागच्या 24 महिन्यांत झालेली हवी. ती कशी करायची हे भाग 43 च्या परिशिष्ट ई मध्ये आहे. दाब कमी करायचा तो मिनिटाला 20,000 फुटांपेक्षा जास्त दरानं नाही. ठरलेली उंची सुमारे 2,000 फुटांवर आली की यंत्राला झेपेल तसं जायचं. तिथं किमान 1 मिनिट थांबायचं, 10 पेक्षा जास्त नाही. मग आकडा वाचायचा. 10,000 फुटांवर 80 फुटांची चूक चालते, 40,000 वर 230 फुटांची. आहे कायदा, पण वाचताना प्रोग्रामच वाटतो की नाही?

स्वयंचलित टेस्ट सेट आले तेव्हा नेमकं हेच झालं. वाक्यांच्या ओळी झाल्या: उंची, वेग, बदलाचा दर, थांबायचा काळ, टॉलरन्स. ही प्रोफाइल संगणकावर लिहायची, सेटमध्ये चढवायची, आणि मग दोन्ही दाब यंत्र एकत्र सांभाळतं. झडपेवरचा हात गेला याचं आपल्याला दुःख नको. पण जबाबदारी सरकली, हे विसरू नये. हाताची चूक एका विमानापुरती असायची. प्रोफाइलमधली चुकीची मर्यादा ती फाइल वापरणाऱ्या प्रत्येक विमानावर तशीच चालते. म्हणून नवी प्रोफाइल दुसऱ्या माणसानं त्या विमानाच्या मॅन्युअलशी ओळ न् ओळ ताडून मगच चढवायची.

आणि एक काम प्रोफाइल करत नाही. पोर्टवर लावलेलं ॲडॅप्टर किंवा झाकण माणसानंच काढायचं असतं. 2 ऑक्टोबर 1996 ला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग 757 चे स्टॅटिक पोर्ट टेपनं बंद होते. तिथं चाचणी नव्हती, विमान धुताना लावलेली टेप तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली. कक्षानं सांगितलीही, पण तो आकडा त्याच विमानाकडून, त्याच बंद पोर्टवरून येत होता. पंख समुद्राला लागला तेव्हा अल्टिमीटर सुमारे 9,700 फूट दाखवत होता. विमानातले सर्व 70 जण गेले.