न्यास, न्याय आणि न्यायोपार्जित धन

गेल्या चातुर्मासात आपल्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू असता, एका निवृत्त प्राध्यापकांनी ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथही सोबत वाचावा, असे सुचविले. आम्हा व्यापाऱ्यांना चोवीसशे वर्षांपूर्वीच्या अथेन्सशी काय कर्तव्य, असे प्रथम वाटले. परंतु ग्रंथाच्या प्रारंभीच भेटला, तो एक धनिक व्यावसायिकच!

सेफलस हा मूळचा सिरॅक्यूजचा. त्याच्या कुटुंबाचा ढाली बनविण्याचा व्यवसाय होता. वार्धक्यात तो सांगतो की, संपत्तीचा मोठा लाभ हाच, की माणूस असत्याचा आश्रय न घेता आणि कोणाचे देणे न ठेवता निश्चिंत मनाने जगाचा निरोप घेऊ शकतो. त्यावर सॉक्रेटिस विचारतो, मित्राने शुद्धीत असताना शस्त्र ठेवावयास दिले आणि वेडाच्या भरात परत मागितले, तर ते देणे न्याय्य होईल काय?

हा प्रश्न ऐकताच मला आमच्या पेढीवरील एक प्रसंग आठवला. त्या काळी कष्टकरी माणसे आपली शिल्लक विश्वासाने वडिलांकडे ठेवीत. एकदा वडील परगावी असता असाच एक गृहस्थ मद्याच्या अमलाखाली रक्कम मागावयास आला. मी नुकताच बी.कॉम. झालेलो. पैसे त्याचेच, म्हणून मोजून दिले आणि सही घेतली. रात्रीपर्यंत सारे संपले. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी दुकानाच्या पायरीवर मुकाट्याने बसून राहिली. वडील परतल्यावर एवढेच म्हणाले, “खतावणी जुळली, पण ठेव सांभाळली गेली नाही.”

आचार्य उमास्वामींनी सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’, म्हणजे ठेवीचा अपहार, सांगितला आहे. अचौर्याणुव्रतात खोटी मापे व भेसळ यांचा निषेध आहे. पुढे सेफलसचा पुत्र पोलेमार्कस शत्रूचे अहित करणे हा न्याय मानतो, तेव्हा सॉक्रेटिस त्याला पटवितो की, न्यायी पुरुष कोणाचेच अहित करीत नाही. येथे आपल्याला अहिंसेचा स्वर ऐकू येतो. मात्र ज्या घरात ही चर्चा झाली, त्या कुटुंबाकडे १२० गुलाम होते, हेही विसरता येत नाही. इ.स.पू. ४०४ मध्ये ‘तीस जुलमी’ शासकांनी पोलेमार्कसला चौकशीविना विष पाजले व मालमत्ता लुटली. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसलाही विषाचा प्याला घ्यावा लागला.

आपल्या परंपरेत १३ व्या शतकातील पंडित आशाधरांनी श्रावकाच्या गुणांत न्यायाने मिळविलेल्या धनाला प्रथम स्थान दिले. त्याचा आदर्श आपल्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्मकार्यी लावण्याचे ठरविले. १९४१ मध्ये गजपंथा येथे विद्वानांना एकत्र करून त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघासाठी ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची सर्व संपत्ती संघास अर्पण केली. त्यातूनच ‘तिलोयपण्णत्ती’सारखे ग्रंथ जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित झाले.

ट्रस्टला मराठीत ‘न्यास’ही म्हणतात. पन्नास वर्षे समाजाने आपल्याकडे ठेव ठेवली आहे. तिचा केवळ हिशेब जुळून भागणार नाही. ज्याच्यासाठी ती ठेवली, त्याचे हित साधले पाहिजे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सर्वांनी हे स्मरावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!