धर्मगुरूंविना दोन शतके : नागासाकीच्या गुप्त ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस साथीदारांसह क्रुसावर प्राण अर्पण केले. ह्या रक्तसाक्ष्यांची कथा आपणांस परिचित आहे. त्यांच्यानंतर त्याच भूमीतील सामान्य प्रापंचिकांनी आपली श्रद्धा कशी जपली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

आशेचा मार्ग खुंटला

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी १५४९ साली जपानमध्ये सुवार्ताप्रसारास प्रारंभ केला. १६१४ साली शासनाने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. चर्चेस पाडण्यात आली, धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. देशात लपून सेवा करणारे अखेरचे धर्मगुरू फादर मान्सियो कोनिशी १६४४ साली रक्तसाक्षी झाले. मिस्साबली नाही, पापनिवेदन नाही, आणि हे कधी पालटेल असे मानण्यास काही कारणही उरले नाही. नागासाकी परिसरात लोकांना दरवर्षी येशू अथवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे.

श्रद्धा टिकली कशी?

गावकऱ्यांनी सेवाकार्ये आपसांत वाटून घेतली. एकाने ख्रिस्तसभेच्या सणांची व उपवासाची दिनदर्शिका सांभाळावी, दुसऱ्याने बालकांना बाप्तिस्मा द्यावा, तिसऱ्याने घरोघरी निरोप पोहोचवावा. लॅटिन व पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या प्रार्थना मुखोद्गत करून मुलांना दिल्या गेल्या. बौद्ध देवता कान्नोनच्या मूर्तीपुढे बसून ते पवित्र मरियेचे स्मरण करीत.

प्रतिमेवर पाय ठेवणे अनेकांना टाळता आले नाही. घरी परतून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकणारा कोणी नसताना परिपूर्ण पश्चात्ताप हाच त्यांचा आधार होता. ही श्रद्धा केवळ वीरांची नव्हती. पडलेल्यांची आणि पुन्हा उठणाऱ्यांचीही होती. सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे येतील, असे बास्तियान नामक धर्मशिक्षकाने सांगितल्याची परंपरा आहे.

१७ मार्च १८६५

नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी उभारलेल्या ओउरा चर्चमध्ये त्या दिवशी उराकामी गावचे काही लोक आले. आपले अंतःकरण आपल्यासारखेच आहे, असे एका स्त्रीने फादर बर्नार्ड पेतिजाँ ह्यांना हलक्या आवाजात सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले.

परंतु छळ संपला नव्हता. उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी ६०० हून अधिक मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले घरी परतले. त्यांनी उभारलेले कॅथेड्रल ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने उद्ध्वस्त झाले. तेथील सुमारे १२,००० श्रद्धावंतांपैकी ८,५०० च्या आसपास बळी पडले. तरीही ढिगाऱ्यातून काढलेली घंटा त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला वाजली.

आपल्यासाठी बोध

आशेला जागा नसताना आब्राहामाने आशा धरली, असे संत पौल सांगतो. उराकामीच्या मधल्या पिढ्यांनी ना आरंभ पाहिला, ना शेवट. आपल्या वाट्याची प्रार्थना पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढेच त्यांनी केले. आजार, वियोग वा अपयश ह्यांमुळे ज्यांना प्रार्थनेचे उत्तर मिळत नाही, त्यांनी ह्या मधल्या पिढ्यांचे स्मरण करावे. आज रात्री घरातील लहानग्यासोबत म्हटलेली एक प्रार्थनाही त्याच साखळीची कडी आहे.