हजेरीपटाबाहेरचे खाते

भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत पसरलेल्या ज्या वस्तीस मुंबईकर एका शब्दात गिरणगाव म्हणत आले, तिचा इतिहास सांगू लागणारा बहुधा १८५४ सालापासून, म्हणजे कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवास कापडगिरणीची कंपनी काढली तेथपासून, आरंभ करतो आणि मग भांडवल, यंत्रे, संप व पुढारी यांच्या मार्गाने पुढे जातो. हा मार्ग चुकीचा नव्हे. परंतु त्या मार्गाने जाणाऱ्यास एक साधा प्रश्न क्वचितच पडतो, तो असा की, दिवसभर साच्यावर उभा राहणारा हा माणूस जेवत कोठे होता?

कारण तो एकटा आलेला होता. रत्नागिरीच्या खोतीत कसणाऱ्याच्या वाट्यास जे उरे त्यावर, किंवा साताऱ्याकडील कोरडवाहू जमिनीवर, घर चालेना म्हणून तो मुंबईस येई. आणि गिरणीच्या पगारात शहरात बिऱ्हाड थाटता येईना म्हणून बायकामुले गावीच ठेवी. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यावी, भिंतीला ट्रंका लावाव्यात, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने निजावे आणि ज्यास आत जागा नसेल त्याने गॅलरीत वळकटी पसरावी, असा त्या गाळ्यांचा रिवाज असे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधार विश्वस्त मंडळ निघाले, १९२०मध्ये विकास खाते स्थापन होऊन वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उठल्या. तथापि त्यांतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. निजण्यापुरती जागा कशीबशी झाली, चुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो सोडविला शेजारच्या बिऱ्हाडातील बाईने. तिचा नवरा बहुधा गिरणीतलाच. त्याच्या पगारात भागेना, म्हणून ती आणखी दहा-वीस जणांचा स्वयंपाक हाती घेई. कोकणातल्या जेवणाऱ्यास भात आणि सुकटीचे कालवण, घाटावरच्यास भाकरी आणि झणझणीत आमटी, असा ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणे तिचा बेत ठरे. पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी डबे भरलेले असावेत म्हणून तिची परात पहाटेच वाजू लागे. आणि दुसऱ्या पाळीचे जेवणारे मध्यरात्री परतत तेव्हा त्यांची झाकून ठेवलेली ताटे मुलांच्या उशापाशी मांडलेली असत. कोणी तिला मावशी म्हणे, कोणी वहिनी. गिरणीच्या दप्तरात मात्र तिला नाव नव्हते.

एके काळी गिरणीत बायका नव्हत्या असे नाही. कांड्या भरणे, लडी गुंडाळणे ही खाती प्रामुख्याने त्यांचीच होती. परंतु १८९१च्या कारखाना कायद्याने त्यांच्या कामाचे तास अकरावर आणले, १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. आणि त्या संरक्षणाचा खर्च नको, शिवाय नव्या यंत्रांना थोडी माणसे पुरतात, असा हिशेब करून मालकांनी त्यांची संख्या घटवीत नेली. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडलेली स्त्री चुलीशी बसून पुन्हा गिरणीचेच काम करीत होती.

या व्यवहाराची खरी कळ उधारीत होती. पगार महिन्याने होई, जेवणाचे पैसे पगारानंतर मिळत. तोवर पीठ, तांदूळ, रॉकेल यांसाठी वाण्याच्या वहीत तिचे खाते वाढत राही, आणि तेवढ्याने न भागल्यास सावकाराकडे गळ्यातला ऐवज तारण जाई. संपाच्या काळी तर पगाराचा दिवसच उगवत नसे. १९२८ साली गिरण्या सहा महिने बंद राहिल्या तेव्हा कित्येक कामगार गावी गेले. जे मुंबईत राहतात त्यांचे ताट अशा वेळी कोणाच्या भरवशावर चालते, हे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातील संपांत कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिले. या बायकांना सावकाराच्या पाशातून काढावे आणि बँकेच्या कर्जास पात्र ठरवावे, या हेतूने त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आयुष्यभर अंगठा देत आलेल्या कित्येकजणी तेथे प्रथमच स्वतःच्या नावाच्या कागदावर सही करावयास शिकल्या.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबविले. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेलाच नाही; गिरण्या एकामागून एक विझल्या, जेवणारे गावी निघून गेले, आणि वहीतील बाकी वसूल करावी तरी कोणाकडून, असा प्रसंग आला. कालांतराने गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. त्यांतला थोडा हिस्सा कामगारांच्या घरांसाठी राखला गेला, आणि २०१२ साली म्हाडाने पहिली सोडत काढली. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, एवढे अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी कोणी हजेरीचे तिकीट आणले, कोणी पगाराची चिठ्ठी. खाणावळवालीच्या वहीत त्या साऱ्यांची नावे, जेवणाच्या तारखांसकट, मांडलेली असत. पण ज्यावर तिचे स्वतःचे नाव असेल असा पट गिरणगावात कधी ठेवलाच गेला नव्हता.