पास, पासपोर्ट आणि पाठीवरची सॅक

लेस्टर स्टेशनच्या बाहेर थॉमस कुकचा पुतळा आहे. आमच्याकडे येणारे पाहुणे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण त्यांना बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईच्या दुकानांची घाई असते! पण मित्रमैत्रिणींनी मिळून, थोड्या पैशात, उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-पाच देश पालथे घालायचे, या प्रकाराचा इतिहास सांगायचा तर सुरुवात याच माणसापासून करावी लागते. यंदा आमच्या घरात याच विषयावर चार महिने खल चालला होता. त्या निमित्ताने माझी जुनी पुस्तकं आणि कात्रणं पुन्हा बाहेर निघाली. त्यातलंच थोडं मंडळाच्या वाचकांसाठी.

कुक हा काही पैसेवाला प्रवासी नव्हे. सुतारकाम शिकलेला, बाप्टिस्ट धर्मप्रचारक आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदीच्या सभेसाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. प्रवास किती? जेमतेम अकरा-बारा मैल. पण तिकीट, गाडी, खाणं सगळं एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी नुसतं येऊन बसायचं, ही कल्पना लोकांना भलतीच आवडली. १८५५ मध्ये तो लोकांना घेऊन युरोपात गेला. १८७२-७३ मध्ये २२२ दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यात हिंदुस्थानही पाहिला.

माझ्या दृष्टीने मात्र कुकचं खरं काम सहलींचं नाहीच. मार्च १८७३ मध्ये त्याच्या कंपनीने युरोपातल्या रेल्वे आणि बोटींचं वेळापत्रक छापलं. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ते लाल-केशरी कव्हरचं पुस्तक ऑगस्ट २०१३ पर्यंत कंपनीच्या नावाने निघत राहिलं. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये ती कंपनीच बुडाली. वेळापत्रक मात्र तिथल्याच मंडळींनी २०१४ पासून स्वतंत्रपणे सुरू ठेवलं. कंपनीपेक्षा तिचं पुस्तक जास्त जगलं म्हणायचं.

हे पुस्तक वाचायला शिकावं लागतं. प्रत्येक मार्गाला तक्त्याचा नंबर. दोन आडव्या-तिडव्या हातोड्यांची खूण असली की गाडी सोमवार ते शनिवार, सणाची सुट्टी सोडून. क्रूस असला की रविवारी आणि सुट्टीला. एकदा का त्या खुणा डोक्यात बसल्या की घरच्या सोफ्यावर बसून व्हिएन्नाहून व्हेनिसला जाता येतं. माझ्याकडे जुन्या बाजारातून जमवलेल्या सात प्रती आहेत आणि त्या कुठे ठेवायच्या यावरून घरात होणारी चर्चा इथे लिहिण्यासारखी नाही.

आता रात्री झोपायचं कुठे? आपल्याकडे धर्मशाळा होत्या, वारीच्या वाटेवर गावोगावच्या ओसऱ्या होत्या. युरोपात तरुणांसाठी स्वस्त मुक्कामाची सोय लावून दिली ती एका शाळामास्तरने. रिचर्ड शिरमान हे त्याचं नाव, जर्मनीतल्या आल्टेना गावचा. पोरांना घेऊन दिवसच्या दिवस रानावनातून पायी हिंडणं हा त्याचा छंद. ऑगस्ट १९०९ मध्ये अशाच एका सहलीत जोराचं वादळ झालं आणि सगळ्यांनी एका खेड्यातल्या शाळेत गवत पसरून रात्र काढली. मुलं झोपली. मास्तर मात्र जागा राहिला आणि विचार करत बसला की सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात, तिथे चालत येणाऱ्या मुलांना का झोपू देऊ नये? १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं युवा वसतिगृह, म्हणजे यूथ हॉस्टेल, सुरू झालं. त्या जुन्या खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत.

१९३० मध्ये इंग्लंड-वेल्सची संघटना निघाली आणि १९३२ मध्ये ॲम्स्टरडॅमला आंतरराष्ट्रीय. देशोदेशीच्या पोरांनी एका खोलीत झोपावं, सकाळी एकत्र भांडी घासावीत, हा त्यामागचा विचार. नाझींना तो मानवणं शक्यच नव्हतं. १९३३ नंतर जर्मनीतली हॉस्टेलं हिटलरच्या युवा संघटनेच्या ताब्यात गेली आणि १९३६ मध्ये शिरमानला आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदही सोडावं लागलं. युद्धानंतर म्हाताऱ्याने पुन्हा कामाला हात घातला. १९६१ मध्ये तो गेला. हॉस्टेलात राहिलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, दिवसा बाहेर काढायचे, रात्री ठरलेल्या वेळी दार बंद व्हायचं, आणि निघताना झाडू मारायला लावायचे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना ती शिक्षा वाटते.

हे सगळं गोऱ्यांनीच केलं असं समजू नका हं! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. सगळे एकाच व्यायाम क्लबातले दोस्त. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन... वाटेत तिघे गळले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी, सुमारे ७१,००० किलोमीटर कापून, मुंबईत परत आले. त्यांचं प्रवासवर्णन १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं. हाताशी ना मोबाइल, ना बँकेचं कार्ड. सगळ्यात मोठं नवल मला कशाचं वाटतं सांगू? साडेचार वर्षांनी परत येताना ते तिघे एकमेकांशी बोलत होते याचं! आमच्या ओळखीत चार दिवसांच्या लेक डिस्ट्रिक्टच्या सहलीवरून दोन कुटुंबांची बोलाचाल बंद झालेली आहे.

त्या तिघांच्या वेळेपर्यंत एक नवी कटकट जन्माला आली होती, पासपोर्ट. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टशिवाय हिंडता यायचं. रशिया आणि तुर्कस्तान हे त्याला ठळक अपवाद. युद्धात हेरांच्या भीतीने तपासणी सुरू झाली आणि युद्ध संपल्यावरही ती गेली नाही. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. तेव्हा अनेकांना वाटत होतं की हे तात्पुरतं आहे, काही वर्षांत सगळं पूर्ववत होईल. झालं ते आपण पाहतोच आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पैसेवाले अमेरिकन युरोपात येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग बिनपैशाचेही. आर्थर फ्रॉमर हा जर्मनीत नोकरीला असलेला अमेरिकन सैनिक. आधी त्याने सैनिकांसाठी एक छोटं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, मग १९५७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये युरोप कसा पाहावा हे सांगणारं. त्याच सुमारास आपले लोक विलायतेला यायचे ते परकीय चलनाच्या निर्बंधामुळे अगदी मोजके पौंड खिशात घेऊन. आमच्या मंडळातले ज्येष्ठ अजूनही तीन पौंडांच्या गोष्टी सांगतात. त्यांना दिवसाला पाच डॉलर म्हणजे चैनच वाटली असती.

१९५९ मध्ये युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल पास निघाला, १३ देशांचा. युरोपातल्या पोरांना मात्र तो मिळत नसे. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये, रेल्वेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पन्नाशीच्या निमित्ताने, इंटररेल आला. वय २१ पर्यंत, महिनाभर, २१ देश. खरं म्हणजे ही योजना त्या एका उन्हाळ्यापुरतीच होती! पण मुलांच्या अशा उड्या पडल्या की ती बंद करायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढे वयाची अट २३ आणि मग २६ पर्यंत वाढली. हॉटेलचे पैसे नसले की रात्रीची गाडी पकडायची, आठ तास झोपायचं आणि सकाळी जिथे उजाडेल ते शहर बघायचं, हा खाक्या.

त्याच वर्षांत काही जण रेल्वेने नव्हे तर रस्त्याने पार आपल्याकडे येत होते. लंडन, इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली आणि शेवटी काठमांडू नाहीतर गोव्याचं हणजूण. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं १९७२ मध्ये याच वाटेने ऑस्ट्रेलियापर्यंत गेलं आणि १९७३ मध्ये त्यांनी काढलेल्या छोट्या पुस्तकातून लोन्ली प्लॅनेट उभी राहिली. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि ती वाट बंद झाली. 

आता माझी गोष्ट. १९९३ च्या उन्हाळ्यात मी आणि तीन मित्र इंटररेलवर निघालो. आम्ही दोघे मराठी, एक तामिळ आणि एक ग्रीक. ग्रीक पोराला कसलाच व्हिसा नको होता. आम्हा तिघांना फ्रान्सचा वेगळा, बेल्जियमचा वेगळा, जर्मनीचा वेगळा, स्वित्झर्लंडचा वेगळा, ऑस्ट्रियाचा वेगळा, इटलीचा वेगळा. प्रत्येक वकिलातीची रांग पहाटेपासून. पासपोर्ट एका ठिकाणी अडकला की दुसरीकडे अर्ज करता येत नाही. म्हणजे आधी कुठला व्हिसा घ्यायचा याचंही एक वेळापत्रक! तो ग्रीक बिचारा आमच्यासाठी कॉफी घेऊन रांगेत उभा राहायचा, एकदाही कुरकुरला नाही. रात्रीच्या गाडीत कंडक्टर सगळ्यांचे पासपोर्ट आधीच गोळा करून ठेवायचा, म्हणजे सीमेवर झोपमोड नको. ग्रीकाची झोपमोड व्हायची नाही. आमची व्हायचीच. डोळ्यावर टॉर्च मारून विचारायचे, परत कधी जाणार?

खरं तर यावरचा तोडगा तेव्हा कागदावर तयार होता. १४ जून १९८५ रोजी लक्झेम्बर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या बोटीवर, पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायच्या करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षात तो अमलात यायला २६ मार्च १९९५ उजाडलं, म्हणजे आमच्या सहलीनंतर दोन वर्षांनी. नशीब म्हणायचं! स्वित्झर्लंड आत आला डिसेंबर २००८ मध्ये. तोपर्यंत आईवडिलांना भारतातून बोलावून युरोप दाखवणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींनी त्या एका युंगफ्राऊसाठी वेगळा स्विस व्हिसा आणि शेंगेनची दुहेरी एंट्री काढलेली आहे. आज शेंगेनमध्ये २९ देश आहेत. ब्रिटन त्यात कधीच नव्हता.

इंटररेल आज ३३ देशांत चालतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांनी त्यातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं होतं, पण एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवला. पास आता फोनवर असतो. तरी गणित सुटत नाही. आमची धाकटी आणि तिच्या तीन मैत्रिणींनी महिन्याभरात प्रवासाचे सात दिवस असा पास घेतला. म्हणजे मुक्काम कितीही करा, गाडीत बसायचे दिवस सातच. फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना आणि युरोस्टारला वर आरक्षणाचे पैसे. जर्मनीत बहुतेक गाड्यांना नाही. मी माझं लाल पुस्तक काढून बसलो तर लेक म्हणाली, "बाबा, ॲपमध्ये आहे सगळं." पण साध्या गाड्यांनी, आरक्षणाशिवाय, आल्प्स कसा ओलांडायचा हे शेवटी पुस्तकातच दिसलं. नकाशाचं पान उलगडल्यावर चौघी त्यावर ओणव्या झाल्या, त्याचं समाधान मला अजून पुरतं आहे.

खरी गाठ पुढेच होती. चौघींपैकी तिघींकडे ब्रिटिश पासपोर्ट. चौथी पुण्याहून इथे शिकायला आलेली, तिचा पासपोर्ट भारतीय. नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्याच देशाकडे व्हिसा मागायचा. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. त्यांच्या पहिल्या बेतात सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात होत्या, त्याची भेटीची वेळ सुट्टी संपेपर्यंत मिळेना. पोरगी एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "काका, त्यांना सांगा ना, मला सोडून जा म्हणून. मी सांगितलं तर ऐकत नाहीत." मी काय सांगणार? आमच्या लेकीने सरळ जाहीर केलं होतं की ती नसेल तर पास परत.

मग चौघींनी मार्गच बदलला. ज्या देशाची वेळ मिळत होती तिथे जास्त रात्री घातल्या. समुद्रकिनारे गेले, डोंगर आले. अर्जासाठी प्रत्येक रात्रीच्या हॉस्टेलचं बुकिंग, ३०,००० युरोचा प्रवासी विमा, बँकेचे कागद, जाण्यायेण्याची तिकिटं, विद्यापीठाचं पत्र. जिथे उजाडेल तिथे उतरायचं हा १९७२ चा खाक्या तिच्या वाट्याला येणार नव्हता आणि तिच्यामुळे बाकीच्या तिघींच्याही नाही. एकीनेही त्याबद्दल तोंड वाकडं केलं नाही.

निघायच्या नऊ दिवस आधी व्हिसा आला. बेत एकवीस दिवसांचा होता, व्हिसावर दिवस लिहिले होते एकोणीस. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर चौघींनी दहा मिनिटांत शेवटचं शहर गाळून टाकलं. ब्रुजच्या हॉस्टेलचे पैसे परत मिळाले नाहीत. पासावरचे सात दिवस मात्र पुरले, एक उरलाही.