वसईचा वेढा आणि मुंबईचें लोकमत

माणिकपुरांत पोर्तुगीज अमदानींत स्थापन झालेलें सेंट मायकेल चर्च आजही नांदतें आहे. तेथून कांहीं मैलांवर असलेला वसईचा किल्ला १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं घेतला, ही हकीकत मराठी घरांतून मुलांना सुद्धां ठाऊक असते. पण त्या वेढ्याच्या वेळीं पोर्तुगिजांचा जुना दोस्त जो मुंबईचा इंग्रज, तो स्वस्थ कां बसला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

दोस्तीला कागदाचा आधार भक्कम होता. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. आणि पोर्तुगिजांचा हिंदुस्थानांतील मुलूख डचांपासून राखण्याचें वचन इंग्लंडनें त्याच तहाच्या गुप्त कलमांत दिलें. पण मुंबईच्या व्यापाऱ्यास तो कागद कोठें दिसत होता? त्यास दिसत ते ठाणें व करंजा येथील पोर्तुगीज जकातनाके आणि माहीमच्या हद्दीचे जुने तंटे. पोर्तुगीज पाद्र्यांविषयींचा संशय तर इतका वाढला कीं, १७२० सालीं त्यांस बेटाबाहेर घालविण्यांत आलें. वर्तमानपत्रें तेव्हां नव्हतीं. बाजारांत आणि जकातीच्या चौकीवरच मत बनत असे. (वर्तमानपत्रें आल्यावर तें अधिक शहाणें झालें, असें मात्र म्हणवत नाहीं.) शिवाय १७३७ त ठाणें मराठ्यांनीं घेतलें, तेव्हांच पोर्तुगिजांचे दिवस फिरल्याचें सर्वांस दिसलें, आणि घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात.

वसईकरांनीं कळवळून मदत मागितली. मुंबईनें १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चची चांदी व पितळी तोफा तारण घेऊन! वेढ्यांत सांपडलेल्या मित्राच्या तोफा गहाण ठेवून घेणें ही सावकारी झाली. १६ मे रोजीं किल्ला खालीं करून देण्याचा करार ठरला, आणि जुलै महिन्यांत कॅप्टन इंचबर्ड चिमाजी आप्पांशीं तह करून व्यापाराच्या सवलती घेऊन गेला.

याला केवळ विश्वासघात म्हणणें न्यायाचें नाहीं. मराठ्यांच्या फौजेपुढें मुंबईचें बळ तुटपुंजेंच होतें. परंतु उपद्रवी शेजारी ही आपली भिंतही असते, ही गोष्ट रागाच्या भरांत मुंबईकरांस दिसावी तितकी दिसली नाहीं. भिंत पडल्यावर ती दिसली. त्याच वर्षीं शहराभोंवतीं खंदक खणण्यासाठीं तेथील व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपयांची वर्गणी घातली. मित्राला दिलेल्या कर्जाच्या ही बरोबर दुप्पट होती, आणि तिला तारण कोणी मागितलें नाहीं.