भला साहेब आणि सावद्याचा जमाव

वसाहतींच्या कारभाराबद्दल लिहिताना आपण साहेबांची वाटणी जुलमी आणि भले अशी करून मोकळे होतो. आफ्रिकेतल्या गव्हर्नरांबद्दल हेच होतं आणि खानदेशातल्या कलेक्टरांबद्दलही. ही वाटणी मला फसवी वाटते. साहेब स्वभावाने कसा होता, यावरून राज्याची परीक्षा होत नाही. रयतेला ‘हे आम्हाला नको’ असं म्हणायला त्या कारभारात जागा होती का, यावरून ती होते. खानदेशातल्या सावद्याचं १८५२ सालचं प्रकरण मी पुराव्याला घेतो, कारण तिथला साहेब खरोखरच भला होता.

हा साहेब म्हणजे कॅप्टन जॉर्ज विंगेट, मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीचा एक जनक. प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली पाहणी फसली, चुकीच्या आकारणीने पुणे भागातली गावं ओस पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून नवी पद्धत बसवायला घेतली. ३३ फुटांची साखळी, साखळीभर लांब-रुंद चौरसाचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मग खड्डा खणून मातीची खोली बघायची. पावणेदोन हात खोल काळी जमीन उत्तम, म्हणजे सोळा आणे. चुनखडीचे खडे निघाले, वाळू निघाली, उतार असला, पाणी साचत असलं, की प्रत येई खाली. शेवटी ३० वर्षं न बदलणारा साऱ्याचा आकार. आजचा सातबारा याच मोजणीच्या पोटातून आला आहे. काम बारकाईचं होतं, आणि हेतू सारा बेसुमार वाढवण्याचा नव्हता, हेही मान्य केलं पाहिजे. शिवाय याच विंगेटने १८५२ मध्येच सरकारला बजावलं होतं की इंग्रजी दिवाणी कोर्टांमुळे कुणबी सावकाराच्या मुठीत चालला आहे. पुढे १८५९ मध्ये, हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जाणारा पैसा हा अन्याय्य खंडणीसारखा आहे, असं त्याने पुस्तक लिहून मांडलं. दादाभाई नौरोजींच्या आधीची ही गोष्ट आहे. याहून भला साहेब कुठून आणायचा?

हीच मोजणी खानदेशात आली तेव्हा तापीच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात, सावदा, रावेर, चोपडा या भागात, लोक बिथरले. सावद्याला दहा ते पंधरा हजारांचा जमाव जमला. हा आकडा १८८० च्या सरकारी गॅझेटियरमधला आहे, म्हणजे तो फुगवण्यात लिहिणाऱ्याचा काही फायदा नव्हता. फौजेची तुकडी येऊन पुढाऱ्यांना धरेपर्यंत जमाव पांगला नाही. आणि हे लोक लुटारू नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याची, विहिरींवर बागायत करणारी, सारा भरणारी ही गावं. अशा माणसाने शेत सोडून जमावात जाऊन बसणं ही साधी गोष्ट नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की देशमुख-पाटील-कुलकर्ण्यांनी लोकांना चिथावलं. मोजणी झाली की वतनदारांनी दडवलेल्या जमिनी उघड्या पडणार होत्या, म्हणून त्यांनी रयतेच्या मनात भीती भरली. यात तथ्य आहे. वतनदारांचा स्वार्थ होताच, आणि त्यांना हुतात्मे करण्याची मला गरज वाटत नाही. पण चिथावणीने एवढी माणसं जमली असं म्हणताना, ती भीती का रुजली, हा प्रश्न मागेच राहतो. मोजणी म्हणजे वाढीव सारा, हा अंदाज रयतेने हवेतून काढलेला नव्हता. आकार ठरवणारा अधिकारी आणि तक्रार ऐकणारा अधिकारी एकाच सरकारचे होते, आणि ठरलेल्या दराला संमती देण्या-नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला कुठल्याच पायरीवर नव्हता. अशा वेळी पाटलाखेरीज त्याने कोणाच्या तोंडून बोलायचं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोजणीनंतर खानदेशात लागवड वाढली, गावं भरली, तेव्हा अखेर साहेबाचंच बरोबर ठरलं ना? लागवड वाढली हे खरं. पण १८६० च्या दशकातच भुसावळमार्गे आगगाडी आली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्या भरभराटीचं सगळं श्रेय साखळीच्या पदरात टाकता येणार नाही. आणि ते टाकलं तरी मूळ प्रश्न उरतोच: जे हिताचं होतं ते पटवून देण्याआधी फौज का लागली?

आफ्रिकेत हेच पुन्हा घडलं. सिएरा लिओनमध्ये गव्हर्नर कार्ड्यू याने १८९८ मध्ये झोपडीवर कर बसवला. पैसा त्या मुलखाच्याच कारभारासाठी लागणार होता. तिथल्या प्रमुखांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्या बाजूला पडल्या, आणि बाई बुरे याच्या नेतृत्वाखाली लोक लढायला उठले. चौकशीला पाठवलेल्या डेव्हिड चॅमर्स यांनी कराच्या विरोधात अहवाल दिला, तरी लंडनमधले मंत्री चेंबरलेन यांनी गव्हर्नरचीच बाजू घेतली आणि कर कायम राहिला. मुंबईचा एकेकाळचा गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला. मुंबईत त्याला सुधारक म्हणत. तिकडे त्याने १८७८ च्या डिसेंबरात झुलू राजाला, सैन्यव्यवस्था मोडण्यासारख्या, पाळता न येणाऱ्या अटी घातल्या आणि महिन्याभरात युद्ध पेटवलं. विंगेट, कार्ड्यू, फ्रियर: तीन माणसं, तीन स्वभाव. पण तिघांच्याही वेळी समोरून आलेल्या नकाराला उत्तर मिळालं ते फौजेचंच.

सावद्याशेजारच्या फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि तिथे शेतसारा कमी करण्याची मागणी करणारा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. त्या अधिवेशनाची आठवण आपण जपतो, आणि जपायलाच हवी. पण त्याच मातीतल्या १८५२ च्या जमावाची ओळख आजही साहेबांच्या कागदांतूनच होते, आणि त्या कागदांत तो फक्त दंगेखोर आहे. रावेर-यावल भागातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मुंबईच्या पुराभिलेखागारातली महसूल खात्याची दप्तरं आणि गावोगावच्या जुन्या घरांतले मोडी कागद शोधावेत, आणि सावद्याच्या शेतकऱ्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने लिहावं.